चिरेखाणीत पडलेला सोऱ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी सोऱ्या आहे. एक पोकळ नळी, तळाशी भोकांची चकती, आत खालीवर होणारा दट्ट्या आणि वर फिरवायची मूठ, एवढाच माझा संसार. माझ्यासारख्यातून तुमच्या घरी दिवाळीच्या चकल्या पडतात. पण मला हातात घेऊन हुंगलंत तर तुम्ही नाक मुरडाल. चकलीचा सोऱ्या आणि त्याला सुक्या मासळीचा वास? होय, तीच तर गोष्ट सांगायची आहे. माझ्या मालकिणीनं, जनीनं, मला चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, लिंबाच्या सालींनी घासलं, पण तो वास काही गेला नाही. आता तो जाऊच नये असं मला वाटतं.

माझा जन्म चिपळूणच्या एका तांबटाकडे झाला. १९९३ साली मी जनीच्या रुखवतात मांडला गेलो आणि तिच्याबरोबर मालगुंडच्या अलीकडे, कातळाला लागून असलेल्या एका चिरेबंदी घरात आलो. स्वभाव म्हणाल तर मी पहिल्यापासून भोचक. माझ्यातून पडलेलं पुढे कुठे जातं, कोण खातं, खाताना त्याचा चेहरा कसा होतो, हे मला कळायलाच हवं असायचं. पण सोऱ्याचं नशीबच असं, की त्याचं तोंड कायम कढईकडे. खाणारे बसायचे ओटीवर. मला नुसता 'कुर्रम' आवाज ऐकू यायचा आणि मी मनात चडफडत राहायचो.

पहिल्या दिवाळीला जनीचा नवरा हरिश्चंद्र घरी होता. पीठ जरा घट्ट झालं होतं, जनीला काही केल्या मूठ फिरेना. तिनं हाक मारली, "अहो, धरा हो जरा." त्यानं येऊन माझी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरली, जनीनं मूठ फिरवली, आणि अशा काटेरी चकल्या पडल्या म्हणता! सासूबाई यमुनाबाई एरवी कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. त्यासुद्धा म्हणाल्या, "सोऱ्या बरा आहे हो सुनेचा."

पुढच्या पाच दिवाळ्या हरिश्चंद्र घरी नव्हता. तो बोटीवर इंजिनात तेलपाणी करायचा. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रात, मग थोडे दिवस घरी, की पुन्हा बोट. यमुनाबाईंचे हाताचे सांधे धरलेले, त्यांना मला धरणं जमायचं नाही. एका दिवाळीला जनीच्या तोंडून सवयीनं निघालं, "अहो, धरा..." आणि ती तिथंच थांबली. मग तिनं पिठात पाणी घालून ते सैल केलं आणि मला गुडघ्यांत धरून एकटीनं चकल्या पाडल्या. त्या वर्षी चकल्यांना काटे आलेच नाहीत. दिवाळी झाली की मला धुऊन, पुसून फळीवर ठेवायचे, तोंड भिंतीकडे. अकरा महिने मी ती भिंत बघत बसायचो.

१९९९च्या शिमग्याला हरिश्चंद्र घरी आला, तो एक बेत डोक्यात घेऊन. घरामागच्या कातळावर त्यांची एक जुनी चिरेखाण होती. बांधकामाचे जांभे चिरे काढून झाल्यावर ती तशीच पडली होती आणि पावसात गच्च भरायची. पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. त्यात मासे वाढवायचे, असं त्यानं ठरवलं. श्रावणात रोहू आणि कटल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली.

"मासे नीट वाढले तर मी जात नाय बोटीवर," तो जनीला म्हणाला. "नाय वाढले, तर कंपनीचं पत्र येईलच. मग जावं लागेल."

 त्या दिवसापासून जनी रोज सकाळी आंघोळीच्याही आधी खाणीवर जाऊन पाण्यात बघून यायची. मी फळीवरून कान देऊन ऐकायचो. मासे म्हणजे नक्की कसे असतात? घरात यायचे ते कापलेले, हळद-मीठ लावलेले. जिवंत मासा खातो कसा? चावतो की गिळतो? त्याला कुरकुरीत आवडतं की मऊ? कुणाला विचारणार?

विकतचं खाद्य महाग, म्हणून हरिश्चंद्र भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मुठीनं पाण्यात फेकायचा. कोंडा निम्मा वाऱ्यावर उडायचा, उरलेला पाण्यावर पसरून कडेला लागायचा. दोन महिने झाले तरी पिल्लं जेमतेम वीतभर. मत्स्य खात्याचे एक साहेब स्कूटरवरून येऊन बघून गेले. ते म्हणाले, "असं भुरभुरवून माशांच्या पोटात काही जात नाही. सगळं एकत्र मळा, शेव पाडा, उन्हात कडक वाळवा आणि मग घाला. थोडी सुकी मासळी कुटून घाला त्यात, अंग धरतील."

शेव पाडा म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मित्रांनो, माझी छाती अशी फुगली! भिंतीकडे तोंड होतं म्हणून बरं.

यमुनाबाई मात्र कडाडल्या. "ह्याच्यात मासळी घालणार? अरे, ह्यातली चकली मी देवापुढं ठेवते. काय डोकीबिकी फिरली काय रे तुमची?"

"आई, मासे आपण खातो की," हरिश्चंद्र म्हणाला.

"आपण खातो. देव खातो काय?"

 शेवटी जनीनंच मला फळीवरून खाली काढलं. "देवाचं मी बघते, सासूबाई," ती हळूच म्हणाली. "पण हे राहायला हवेत." एवढं बोलून ती मागीलदारी गेली.

कोंडा, पेंड आणि सुका जवळा कुटून तिनं पीठ केलं. बाई मनापासून रांधणारी. माशांसाठी करायचं म्हणून काय झालं, नीटच करायचं! तिनं पळीत तेल कडकडीत तापवलं आणि चुर्र करून त्या पिठावर ओतलं. चकलीच्या भाजणीला मोहन घालतात ना, तसंच अगदी. मग मळलं, माझ्यात भरलं आणि चटईवर शेव पाडली. जवळ्याचे तुकडे भोकांत अडकायचे, ते ती माडाच्या हिरानं, म्हणजे झावळीच्या काडीनं, टोचून काढायची. मला गुदगुल्या व्हायच्या. दोन उन्हांत शेव अशी खुसखुशीत वाळली, की बोटानं दाबली तर मोडावी. जनी खूश, मी तर काय, हवेतच!

आठ दिवस ती शेव खाणीत गेली. नवव्या दिवशी सकाळी जनी खाणीवरून धावत आली.

"अहो! मासे वर आलेत. तोंडं उघडून श्वास घेतायत नुसते!"

हरिश्चंद्र उठून धावला. पाणी नासलं होतं. शेजारच्या विठूचा डिझेल पंप त्यानं आणला आणि खाणीतलंच पाणी उचलून फवाऱ्यानं परत खाणीत सोडायला लागला, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. इंजिनातला माणूस तो, पंप हाताळायला त्याला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत बरेचसे मासे सावरले. पण तीस-चाळीस गेलेच. ते टोपलीत भरून आणले तेव्हा जनी त्यांच्याकडे बघून रडली.

"पाण्यावर तेलाचा तवंग आहे," हरिश्चंद्र घरात येऊन म्हणाला. "मला वाटलं पंप गळतोय. पण पंप कोरडा ठणठणीत आहे. तेल आलं कुठनं?"

जनीनं डोळे पुसले. "मोहन घातलं होतं मी."

"काय घातलंस?"

"मोहन. शेव खुसखुशीत व्हायला."

 हरिश्चंद्रनं डब्यातली एक शेव घेऊन पेल्यातल्या पाण्यात टाकली. ती तळाशी जायच्या आधीच विरघळली. वर तेलाचा थर आणि खाली भुगा. तोंडात टाकताच विरघळायला पाहिजे, ह्यासाठी ज्या बाईचं सगळ्या वाडीत नाव होतं, तिनं माशांसाठीही तशीच शेव केली होती. माशांच्या तोंडापर्यंत ती पोचलीच नव्हती. आणि मी, इतका भोचक, मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, पाण्यात हिचं काय होतं ते!

हरिश्चंद्र रागावला नाही, तेच वाईट होतं. तो नुसता म्हणाला, "जाऊ दे गो. आपलं काम नाय हे. समुद्रच बरा." आणि ओटीवर जाऊन बसला.

मला घासून पुन्हा फळीवर ठेवलं, तोंड भिंतीकडे. त्या वर्षी दिवाळीला शेजारच्या गोदाचा सोऱ्या मागून आणला. मी ते सगळं ऐकलं आणि गिळलं.

दिवाळीनंतर आठवड्यानं एका दुपारी पोस्टमन आला. हरिश्चंद्र तेव्हा पंप परत द्यायला गेला होता. जनीनं पाकीट घेतलं आणि उघडून वाचलं. मग ती माझ्याकडे आली. मूठ फिरवून तिनं दट्ट्या वर काढला, पाकिटाची गुंडाळी करून माझ्या पोटात ठेवली आणि दट्ट्या परत बसवला. मला आता कुणी हात लावणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कंपनीचं बोलावणं माझ्या पोटात होतं, मित्रांनो! पुढच्या महिन्यात मुंबईला हजर व्हायची तारीख त्यात लिहिली होती.  मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, तो कागद आत असताना मी जीव गेला तरी उघडलो नसतो.

तीन दिवसांनी यमुनाबाई दुपारी तांदळाच्या कण्या निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता त्या एकदम म्हणाल्या, "अगो जनी, मोदक उकडताना फुटतो काय आपला?"

"नाही. तुमचा तर कधीच नाही."

"का नाही फुटत? पारीला उकड चांगली असते म्हणून. एवढी वाफ सोसते, पाण्याला काय घाबरेल? तुझ्या त्या माशांच्या पिठाला मोहन कसलं घालतेस, उकड दे उकड! कण्यांचं पीठ उकळत्या पाण्यात शिजव, त्यात कोंडा-पेंड-जवळा सगळं मळ, गोळे वाफवून घे आणि ऊन ऊन असतानाच शेव पाड. बघ विरघळते का."

"पण सासूबाई, सोऱ्याला मासळी..."

"सोऱ्या बाटला तो बाटलाच आता. त्याला परत कोण बाटवणार?"

जनीला हसू आलं. तेवढ्यात ओटीवरून हरिश्चंद्र आत आला. "थांब, मी काढतो सोऱ्या," म्हणून त्यानं मला खाली घेतलं सुद्धा. जनीचं हसू जागच्या जागी गेलं. "अहो, नको..." एवढंच ती म्हणाली. त्यानं मूठ फिरवली. मी आटे घट्ट आवळून धरले, पण इंजिनातल्या हातांपुढे माझं काय चालणार? दट्ट्या वर आला आणि त्याच्यामागून ती गुंडाळी.

हरिश्चंद्रनं ती उलगडून वाचली.

"हे कुणी ठेवलान?"

"मी," जनी म्हणाली.

"का गो?"

"तुम्ही गेला असतात म्हणून." आणि मग ती थांबलीच नाही. "सात दिवाळ्या झाल्या लग्नाला, त्यातली एक तुमच्याबरोबर आणि ही दुसरी, तीही अशी. मला नाही एकटीला राहायचं. चुकलं माझं पत्र लपवलं ते. पण नाही राहायचं मला."

 हरिश्चंद्रनं पत्राची घडी करून खिशात ठेवली.

"किती दिवस आहेत?" यमुनाबाईंनी विचारलं.

"वीस."

"मग वीस दिवस आहेत ना हाताशी? बस. जनी, आधण ठेव."

त्या दिवशी उकडीची पहिली शेव पडली. पीठ असं चिवट, की एकट्यानं मूठ फिरणंच शक्य नव्हतं. हरिश्चंद्रनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि जनीनं मूठ फिरवली. कुणी कुणाला हाक मारली नाही. शेव वाळल्यावर तिघांनी मिळून एक तुकडा पेल्यात टाकला आणि बसले बघत. यमुनाबाईंनी चहा करून दिला, चहा संपला, भांडी झाली, तरी शेव पेल्याच्या तळाशी जशीच्या तशी! नंतर कुठे ती हळूहळू मऊ पडली. हरिश्चंद्र पहिल्यांदाच हसला. "मोदकाची पारी खाणार माझे मासे," तो म्हणाला.

वासामुळे यमुनाबाईंनी आमची हकालपट्टी कातळावर केली. खाणीच्या काठाशी तीन चिऱ्यांची चूल मांडली, तिथंच वाफवायचं, तिथंच पाडायचं, तिथंच वाळवायचं. शेव एका रवळीत, म्हणजे बांबूच्या टोपलीत, घालून दोरीनं पाण्यात सोडायची आणि तासाभरानं वर ओढून बघायची. रवळी रिकामी असली की जनी टाळी वाजवायची. रोज थोडी जास्त घालायची, उरली तर दुसऱ्या दिवशी कमी. पण मला काठावरून फक्त हिरवं पाणी दिसायचं. रवळी भरून खाली जाते, रिकामी वर येते! आत कोण खातं, कसं खातं? मी अगदी हैराण झालो होतो.

पत्र खिशातच होतं. एकोणीस दिवस गेले. मासे हातभर झाले नव्हते, पण अंग धरायला लागले होते. हरिश्चंद्रनं तरीही ट्रंक भरली. "पगाराचा आधार सोडून कसं चालेल?" तो आईला म्हणाला. "मासे चैत्रात निघतील. तोवर जनी बघेल."  दुपारच्या गाडीनं तो निघणार होता.

त्या सकाळी जनी एकटीच कातळावर आली. उकड मळली, वाफवली, माझ्यात भरली. आता ह्यापुढे एकटीनंच करायचं, तर आजपासूनच सवय हवी, असं ती स्वतःशीच बोलत होती. तिनं मला गुडघ्यांत धरलं आणि मूठ फिरवायला जोर लावला. मूठ हलेना. तिनं उभं राहून सगळं अंग टाकलं. मी गुडघ्यांतून सटकलो, कातळावर आपटलो आणि घरंगळत, ठाण ठाण करत, सरळ खाणीत!

मित्रांनो, चिरे काढताना खाणीला पायऱ्या पाडतात, तशा दुसऱ्या पायरीवर मी जाऊन बसलो. वर छातीभर पाणी. मला वाटलं, संपलो. आणि मग ते आले.

आधी एक कटला, मोठ्या डोक्याचा, तोंड वर वळलेला. मग रोहू, तांबूस परांचे, एक, दोन, दहा. माझ्या चकतीतून उकडीची टोकं बाहेर आली होती. त्यांनी ती चावली नाहीत. ते ओठ लावून चोखत होते! नळीनं पाणी ओढावं तसं ओढून घ्यायचे, बाजूला व्हायचे, परत यायचे. एकानं तर माझ्या भोकातच तोंड खुपसलं. सात वर्षं मला पडलेला प्रश्न, खाताना कसं दिसतं? असं दिसतं! मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खाताना बघत होतो, आणि तेही मी पाडलेलं. मला इतका आनंद झाला, की बुडालोय हेच विसरलो.

वर मात्र जनी किंचाळली होती. पाणी हललं, मासे पळाले आणि दोन हातांनी मला उचललं. हरिश्चंद्र होता. गाडीसाठी घातलेल्या इस्त्रीच्या पँट-शर्टसकट तो पाण्यात उतरला होता.

"एवढं घट्ट पीठ एकटीनं होतं काय गो? हाक मारायची ना!"

"कुणाला?" जनी म्हणाली. "उद्या कुणाला मारू?"

तो छातीभर पाण्यात मला धरून उभा राहिला. माझ्या नळीला पोचा पडला होता, तो त्यानं अंगठ्यानं चाचपून बघितला. मग त्याला आठवलं आणि त्यानं खिशात हात घातला. पत्राचा पार लगदा झाला होता. तो त्यानं शेवेच्या वाळवणाशेजारी कातळावर पसरला. संध्याकाळपर्यंत कागद वाळला, पण एकही अक्षर उरलं नव्हतं. तारीख त्याला तोंडपाठ होती. तो गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला पत्र टाकलं आणि चैत्रात खाणीतून मासे काढले. पहिला रोहू यमुनाबाईंनी स्वतः शिजवला. पुढच्या वर्षी आसपासच्या बायका उकडीची शेव शिकायला आल्या, दाभोळपर्यंतच्या. प्रत्येकीला जनी आधी सांगायची, "मोहन नको हां!" आणि मग स्वतःच हसायची. दिवाळीसाठी घरात नवा स्टीलचा सोऱ्या आला. तो चकचकीत आहे, देवाजवळचा आहे आणि माझ्या वासामुळे माझ्याशी बोलत नाही. बोलू नको बाबा. तू कुठे मासा खाताना बघितलायस?

२००६ साली शेव पाडायचं एक हातयंत्र आलं आणि माझं काम कमी झालं. माझे आटे झिजलेत, पोचा तसाच आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल, तर त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवू नका. धुऊन कोरडं पुसा, भोकं हिरानं साफ करा आणि कधीतरी त्याला बाहेरचं दाखवा. आणि घरात कुणी एकटंच घट्ट पीठ दाबत बसलेलं दिसलं, तर हाकेची वाट बघू नका.

बारीक पिल्लांसाठी बारीक शेव लागते, ती त्या यंत्रातून पडत नाही. म्हणून श्रावणात मला अजूनही कातळावर नेतात. जनीच्या केसांत आता पांढरं दिसतं. ती उकड भरते, मूठ बसवते आणि मान न वळवताच म्हणते, "अहो, धरा हो जरा."

आणि तो धरतो.